रद्दीत बांधलेला शिवीकोश

जरा लवकर ऐका हो, मी शिवीकोश बोलतोय. स्पॅनिश शिव्यांचा, इंग्रजी अर्थांसकट प्रवाशांसाठी छापलेला, तळहाताएवढा. टोकियोच्या ओजिमा भागातल्या एका इमारतीखाली रद्दीच्या गठ्ठ्यात पडलोय आणि रद्दीची गाडी कोपऱ्यावर आली आहे.

मला मैत्रेयीने विकत घेतलं. कंपनीच्या कामासाठी ती एकटी माद्रिदला गेली होती. तिथे मेट्रोत एकजण तिच्याकडे बघून हसत काहीतरी बोलला. जपानात राहून अंगवळणी पडलेलं, तिने मान लववून त्याचे आभार मानले. अख्खा डबा हसला. अर्थ तिला हॉटेलातल्या मुलीने सांगितला.

"शिवी दिली त्याचं काही नाही रे," घरी आल्यावर ती नवऱ्याला, केदारला म्हणाली, "मी त्याला थँक्यू म्हटलं."

मग ऑफिसच्या ट्रेनमध्ये ती मला वाचू लागली. दुकानदाराने घातलेल्या कागदी कव्हरामुळे कुणाला पत्ता नसे. माझ्यात शिवी जितकी जहाल तितक्या तिच्यापुढे मिरच्या छापलेल्या. एक असेल तर हसून सोडा, तीन असतील तर तिथून निघा. शिव्या द्यायला मी शिकवतच नाही हो.

त्या मिरच्यांनीच घात केला. पुण्याहून आलेल्या सासूबाई, अरुणाताई, मला पाककृतींचं पुस्तक समजून चष्मा लावून बसल्या. दोन पानांत त्यांचा चेहरा उतरला. नातवाच्या, ओजसच्या हाती लागलं म्हणजे? पण पुस्तक टाकणंही जिवावर आलेलं. त्यांनी मला कपाळाला लावलं, नमस्कार केला आणि दाराजवळच्या रद्दीत कोंबलं.

काल मैत्रेयीने घर पालथं घातलं. आज पुन्हा माद्रिदला जायचं होतं, पुन्हा एकटीने.

"आई, माझं छोटं पुस्तक पाहिलंत?"

"कुठलं गं?"

"ते... असू दे."

दोघींनाही माझं नाव घेण्याची लाज. मी तिथेच होतो, दोन हातांवर.

आत्ता ती बॅग ओढत खाली आली आणि गठ्ठ्यापाशी थांबली. माझा जीव पानापानांत गोळा झाला. सासूबाईंची गाठ सैल होती. जपानात असा सैल गठ्ठा ठेवला तर शेजारी बोलत नाहीत, नुसते बघतात. तिने वाकून सुतळी आडवी-उभी घट्ट आवळली आणि स्टेशनकडे निघाली.

गाडी थांबली. हातमोजे घातलेला माणूस गठ्ठा उचलतोय. अगं मैत्रेयी, मागे बघ. मी इथे आहे, शेअर बाजाराच्या पानाखाली.