शून्य वयाची ओळ

शिवलीलानं पट्टी सरळ केली आणि शून्य या वयासमोर आडवी रेघ मारली. म्हणजे कुणी नाही. बाकी एकशे अठ्ठेचाळीस मरणं तिनं वयानुसार लावली होती. साठाला तोबा गर्दी, सत्तराला गर्दी, पंचाहत्तराला बऱ्यापैकी. एकसष्टाव्या वर्षी मात्र माकणी गावात कुणी मरायला तयार नव्हतं.

"अप्पा, सगळे साठालाच कसे गेले?"

"घरची माणसं सांगतील ते म्या लिहिलं," बंडप्पा स्वामी ओट्याच्या खांबाला टेकून म्हणाले. "मयताच्या घरी काय जन्माचा दाखला मागू?"

वही त्यांची होती. गावातल्या साठ-सत्तर लिंगायत घरांचे ते जंगम. मयत झालं की अंत्यविधीला त्यांनाच बोलावणं यायचं. परत येऊन अंघोळ झाली की ते वहीत नाव, वय आणि तिथी लिहीत. पुढच्या वर्षी पुण्यतिथी कधी येते, हे विचारायला कुणी आलं तर सांगता यावं, एवढाच हेतू. तीस वर्षं हे चाललं होतं. आपली मुलगी एक दिवस त्या वहीतून भलतंच काही काढत बसेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

शिवलीला सोलापूरला संख्याशास्त्र शिकून आली होती. आता तिला ॲक्च्युअरी व्हायचं होतं. किती माणसं कोणत्या वयात जातात हे पाहून विम्याची गणितं मांडायची, असं ते काम. तेरा पेपर, सात-आठ वर्षं, आणि शेवटपर्यंत पोचणारे थोडे. इकडे नळदुर्गच्या एका शाळेनं तिला गणित शिकवायला बोलावलं होतं. होय की नाही, ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. ॲक्च्युअरीच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरून मोबाइलमध्ये तसाच पडून होता. शाळेची नोकरी धरावी, हे बंडप्पांचं मत ठाम होतं. तिचं ठरत नव्हतं, आणि त्याचाच तिला राग येत होता. म्हणून तिनं स्वतःचीच परीक्षा घ्यायची ठरवली होती. आपल्या गावाचं कोष्टक मांडता आलं तर आठ वर्षं द्यायची, नाही तर मुकाट्यानं नळदुर्गची एसटी धरायची.

"मरणावर पोट भरायचं म्हणजे अभद्र काम हाय," बंडप्पा म्हणाले.

"मग तुम्ही काय करता?"

"आमी गेलेल्याला पोचवतो. जित्याचं मरण मोजत न्हाय."

ती पुन्हा कागदावर वाकली. पहिल्या ओळीत काहीतरी खटकत होतं. पुस्तकातल्या प्रत्येक कोष्टकात जन्मानंतरचं पहिलं वर्ष फार धोक्याचं असतं. इथं तर ते सगळ्यात निर्धास्त दिसत होतं.

"अप्पा, तीस वर्षांत वर्षाच्या आतलं एकही लेकरू गेलं नाही?"

"आपल्यात लेकरांची हेळसांड होत न्हाय," बंडप्पा म्हणाले. त्यात थोडा अभिमानही होता.

पलीकडं ज्वारी पाखडणाऱ्या आईचं, इरम्माचं, सूप थांबलं.

"जातात की," ती म्हणाली.

बंडप्पांनी तिच्याकडं पाहिलं. इरम्मा सुपातले खडे वेचत राहिली.

"बारसं झालं न्हाय तर नाव न्हाय. नाव न्हाय तर तुमच्या वहीत कुठून येणार? झालं असलं तरी तान्ह्याला पुरायला तुमाला कोण बोलवतंय, तिथी विचारायला कोण येतंय?" मग ती लेकीकडं वळली. "आपलंच घे. तुझ्या आधी एक होता. अकरा दिवसांचा. दुसऱ्या दिवशी बारसं होतं."

बावीस वर्षं शिवलीला या घरात वाढली होती आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आपण मारलेल्या त्या सरळ, स्वच्छ रेघेची तिला लाज वाटली. बंडप्पा उठून आत गेले.

"ऊठ," इरम्मा पदर झटकत म्हणाली. "तू एकलीच गेलीस तर कुणी सांगणार न्हाय. मी येते."

पहिलं घर सखूबाईंचं होतं.

"कशाला उकरतीस अक्का ते?" सखूबाई इरम्माला म्हणाल्या. पण त्यांनी दोघींना बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं, आणि मग दोन बोटं दाखवली. "एक नऊ दिवसांची. एक तेवीस." जरा वेळानं आपण होऊनच म्हणाल्या, "आणि आमचे मालक काय साठाचे नव्हते गं. त्रेसष्ट-चौसष्ट असतील. साठ म्हणलं की कुणी पुढं विचारत न्हाय."

घरामागून घर झालं. नवऱ्याचं, सासऱ्याचं वय ठोकळ सांगणाऱ्या बायका लेकराचे दिवस मात्र बिनचूक सांगत होत्या. चार. सतरा. एक महिना सहा दिवस. कुणी चुलीकडं बघत सांगितलं, कुणी दाराआड उभं राहून. एकीनंही पाचा-दहाचा अंदाज दिला नाही. एका घरातून बाहेर पडल्यावर शिवलीला रडली. इरम्मा तिचं रडणं संपेपर्यंत बाभळीखाली उभी राहिली आणि मग पुढच्या घराकडं चालू लागली.

चार वाजेपर्यंत सोळा लेकरं मोजून झाली. ही कुठल्याच कागदावर नव्हती. ती नीट कशी मोजायची, हे शिवलीलाला अजून धड येत नव्हतं, पण ते आपल्याला यायलाच हवं, याबद्दल तिला आता तिळमात्र शंका उरली नव्हती. रस्त्यातच थांबून तिनं शाळेला फोन लावला.

"सर, मी नाही येणार. नाही, पगाराचं काही नाही. मला अजून शिकायचंय."

फोन ठेवून तिनं लगेच अर्ज पाठवून दिला.

घरी आली तेव्हा बंडप्पा ओट्यावर तिच्या कागदापाशी बसले होते. तिनं शून्यासमोरची आडवी रेघ खोडली आणि सोळा उभ्या रेघा मारल्या.

"तुमच्या ह्या कागदात नाव लागतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही अप्पा. फक्त वय लागतं."

"आपलं धरलंस का ह्यात?"

"अजून नाही."

बंडप्पांनी चष्मा लावला. तिच्या हातातून पेन घेतलं आणि ओळ कुठली ते बोटानं दोनदा तपासून पाहिलं. मग त्या सोळांच्या शेजारी सावकाश सतरावी रेघ मारली. कागद तिच्याकडं सरकवताना त्यांनी मान वर केली नाही.

"पहिला पेपर कधी हाय?"