हिरव्या दिव्यासाठी काढलेली रेघ

मी उलटी तिरकी रेघ बोलतेय. चेहरा आठवत नसेल तर जवळच्या कीबोर्डकडे बघा. उजव्या हाताला, एंटरच्या आसपास, एका बटणावर मी डोकं डावीकडे झुकवून उभी आहे. शेजारच्या बटणांवरची अक्षरं बोटांनी घासून पुसट झाली, पण माझा रंग अजून दुकानातून आणल्यासारखा आहे. यावरून माझी किती विचारपूस होते ते ओळखा.

माझी एक बहीण आहे, सरळ तिरकी रेघ. तिचं सगळीकडे कौतुक. तारखेत ती, पत्त्यात ती, घर क्रमांकात ती. मी कुठे दिसले की लोक म्हणतात, "ही चुकून पडली वाटतं, काढून टाक."

चुकून! मी आजवर कुठेही चुकून पडलेली नाही. मला कुणीतरी विचार करून उभी केलेली असते. तुमच्या डोळ्यांना त्यामागचं कारण दिसत नसेल, तर तो माझा दोष कसा?

आम्हा सगळ्यांना लोक 'विशेष चिन्हं' म्हणतात. नुसतं म्हणायला विशेष. नाव लिहायच्या रकान्याखाली पाटी असते, 'विशेष चिन्हे चालणार नाहीत.' आणि त्याच पानावर पासवर्ड मागताना दटावतात, 'किमान एक विशेष चिन्ह हवेच.' एका दारातून हाकलायचं आणि दुसऱ्या दारात आमच्यावाचून अडायचं. गरज सरो, वैद्य मरो!

असो. राग बाजूला ठेवते आणि जन्मापासून सांगते. खरं तर राग बाजूला राहणार नाही, पण प्रयत्न करते.

माझा जन्म एका छोट्या कंपनीत झाला. दुसऱ्या मजल्यावरची एक लांब खोली, खिडकीला लागून टेबलं आणि समोरच्या भिंतीवर एक मोठा पडदा. ही कंपनी दवाखान्यांतल्या औषधाच्या खिडकीसाठी प्रोग्रॅम बनवायची. डॉक्टरांनी औषध लिहिलं की खिडकीतला माणूस बटण दाबणार आणि एक चिकट लेबल छापून येणार. त्यावर पेशंटचं नाव, औषध, किती घ्यायचं, कधी घ्यायचं. ते बाटलीवर चिकटवलं की काम झालं. सगळ्यात पहिलं गिऱ्हाईक होतं मागच्याच गल्लीतला लहान मुलांचा दवाखाना.

मला लिहिलं एका मुलीनं. तिचं काम तपासणीचं. ऑफिसात तिला सगळे 'शंकाताई' म्हणायचे, कारण प्रत्येक गोष्टीवर तिची काहीतरी शंका असायची. ती स्क्रिप्ट लिहायची. स्क्रिप्ट म्हणजे यंत्राला दिलेली कामांची यादी. अमुक नाव टाक, तमुक औषध निवड, बटण दाब, लेबलवर काय आलं ते वाच, बरोबर असेल तर हिरवा दिवा लाव, चूक असेल तर लाल. माणसाला रोज रोज तेच तपासायचा कंटाळा येतो, यंत्राला येत नाही.

त्यातल्या एका ओळीत तिला लहान बाळाच्या औषधाचं माप तपासायचं होतं. अडीच मिली. लेबलवर ते '२.५ मिली' असं छापलं जातं. पण लेबलवरचं नाव आणि तारीख सारखी बदलते, म्हणून पूर्ण मजकूर न जुळवता ती फक्त नमुना जुळवायची. म्हणजे या मजकुरात कुठेतरी '२.५ मिली' आहे का, एवढंच.

आता इथे एक गोम आहे. नमुन्याच्या भाषेत टिंब हे साधं टिंब नसतं. तिथे ते पत्त्यांतल्या जोकरसारखं असतं, कुठल्याही पानाच्या जागी चालतं. दोन आणि पाचच्या मध्ये टिंब असो, अक्षर असो की नुसती मोकळी जागा, सगळ्याला ते मान डोलावतं. म्हणून शंकाताईनं त्याच्याआधी मला उभी केली. २\.५, असं. मी त्या टिंबाला सांगते, "तू इथे जोकर नाहीस. तू फक्त टिंब आहेस. दुसरं कुणी आलं तर मान डोलवायची नाही."

एवढंच माझं काम. डब्यावर 'साखर नव्हे, मीठ' अशी चिठ्ठी चिकटवतात ना, तसं. याला हे लोक 'एस्केप करणं' म्हणतात, म्हणजे निसटणं. मी कुठेही निसटत नाही हो! मी तर जागेवर उभी राहून दुसऱ्याला जागेवर ठेवते. नाव ठेवणाऱ्यानं निदान मला विचारायचं तरी.

बरेच महिने मी त्या ओळीत नीट काम केलं. रोज सकाळी स्क्रिप्ट चालायची, लेबल यायचं, मी टिंबाला धरून ठेवायचे, दिवा हिरवा व्हायचा. कुणी आभार मानले नाहीत. मी मागितलेही नाहीत.

मग तो आडनावाचा प्रकार झाला.

एका पेशंटच्या आडनावात वर लोंबणारं एक चिन्ह होतं, स्वल्पविराम खांद्यावर बसवावा तसं. त्या चिन्हापाशी प्रोग्रॅम अडखळला आणि अर्धंच लेबल छापून बाहेर आलं. दवाखान्यातून तक्रार आली. दुरुस्तीचं काम गेलं झाडूकडे.

झाडू हा प्रोग्रॅम लिहिणारा तरुण. स्वभावानं भला, नुकताच बाप झालेला, टेबलावर बाळाचा फोटो. त्याला साफसफाईची भारी हौस. जुना कोड दिसला की झाडून स्वच्छ करायचा, म्हणून हे नाव. आता त्या चिन्हाआधी मला किंवा माझ्या एखाद्या भावंडाला उभं केलं असतं आणि यंत्राला सांगितलं असतं, "हे नावातलं आहे, जसंच्या तसं घे," तर प्रश्न मिटला असता. पण नाही. यानं सरळ नियम केला, लेबलवर जाणाऱ्या मजकुरात अक्षर आणि आकडा सोडून काहीही आलं की ते पुसायचं आणि तिथे मोकळी जागा ठेवायची.

"कटकटच नको," तो म्हणाला.

म्हणजे एक पाहुणा दारात अडला म्हणून सगळ्या पाहुण्यांना बंदी. आणि त्या झाडण्यात कोण गेलं? दोन आणि पाचच्या मधलं टिंब. लेबलवर आता '२ ५ मिली' येऊ लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रिप्ट चालली. मी टिंब शोधलं. टिंब नव्हतं. मी लाल दिवा लावला. माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी हाक होती.

त्या ऑफिसात एक रीत होती. ज्याची तपासणी लाल, त्याच्या टेबलावर एक लाल प्लास्टिकचा बेडूक ठेवायचा. बेडूक दाबला की ओरडायचा, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तो दाबून जायचा. आधी कधीतरी गंमत म्हणून सुरू झालेलं. पण त्यामुळे काय झालं, की लाल दिवा म्हणजे काहीतरी चुकलंय हे सगळे विसरले. लाल दिवा म्हणजे बेडूक. आणि बेडूक घालवायचा तर दिवा हिरवा करायचा, मग तो कसाही होवो.

त्या दिवशी शंकाताई सकाळी डोळे तपासायला गेली होती. नवा प्रोग्रॅम दुपारपर्यंत दवाखान्यांना पाठवायचा होता. घाईसाहेब येरझाऱ्या घालत होते. हे सगळ्यांचे वरिष्ठ. त्यांचं प्रत्येक काम कालच व्हायला हवं होतं असं असतं.

"अरे झाडू, हा एक लाल काय करतोय?"

"शंकाताईच्या स्क्रिप्टमधला आहे, सर."

"मग तिच्या टेबलावर ठेवा बेडूक."

"ती नाहीये सर. डोळे तपासायला गेलीय."

"म्हणजे तिचे डोळे तपासून होईपर्यंत आम्ही डोळे मिटून बसायचं? बघ तूच काय ते." आणि त्यांनी बेडूक झाडूच्याच टेबलावर ठेवून एकदा दाबला. खोलीभर हशा पिकला.

झाडूनं स्क्रिप्ट उघडली. पडद्यावर लिहिलं होतं, '२\.५ मिली' सापडलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. एरवी शांतपणे बसला असता तर त्याला कळलं असतं. पण समोर बेडूक आणि मागे घाईसाहेब.

"सर, सापडलं! हिनं मध्ये एक उलटी रेघ टाकलीय. लेबलवर अशी रेघ कुठे असते? म्हणून जुळत नाहीये."

"मग काढ की! मुहूर्त बघतोयस का?"

त्यानं मला काढलं. एक बटण दाबलं आणि मी गेले. टिंब पुन्हा जोकर झालं. दोन आणि पाचच्या मधल्या मोकळ्या जागेला त्यानं खुशाल मान डोलावली आणि दिवा हिरवा झाला.

टाळ्या वाजल्या. सांगा, माझा संताप का होऊ नये? घरात धूर झाला म्हणून ओरडणाऱ्याचं तोंड दाबायचं आणि म्हणायचं, बघा, किती शांतता आहे!

काढलेल्या ओळी तशा मरत नाहीत. जुन्या आवृत्त्यांच्या कोठीत पडून राहतात. मी तिथून सगळं बघत होते आणि ओरडता येत नव्हतं. दुपारी शंकाताई आली. डोळ्यांत औषध घातलेलं, तिला पडदा नीट दिसत नव्हता.

"सकाळी लाल होतं ना काहीतरी?" तिनं विचारलं.

"होतं. केलं स्वच्छ," झाडू म्हणाला.

तिला वाटलं प्रोग्रॅम दुरुस्त झाला. पहिल्यांदाच तिनं शंका घेतली नाही. प्रोग्रॅम दवाखान्यांना गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडूच्या टेबलावरचा फोन वाजला. त्याचे दोन्ही हात कीबोर्डवर होते, म्हणून त्यानं फोन स्पीकरवर टाकला. बायको होती.

"अहो, आत्ताच आई बाळाला तुमच्या ऑफिसमागच्या दवाखान्यात दाखवून आल्या. औषध दिलंय. बाटलीवर पंचवीस मिली लिहिलंय. एवढं द्यायचं?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"आईंना आठवत नाही. बाळ रडत होतं, म्हणे, काही ऐकूच आलं नाही."

"मग लिहिलंय तेवढं दे गं. लेबल आमचंच आहे. कालच तपासलंय सगळं, हिरवं आहे."

मी कोठीत तडफडत होते. अरे, हिरवं कुणामुळे आहे? मला काढलंस म्हणून हिरवं आहे! तुझ्याच बाळाच्या औषधावर मी पहारा देत होते, रे!

फोन ठेवला गेला. शेजारच्या टेबलावर शंकाताईचा हात थांबला. "पंचवीस?" ती स्वतःशीच म्हणाली. "बाळाचं औषध आणि पंचवीस?"

"झालं, आली शंका," झाडू हसला.

ती हसली नाही. तिनं स्क्रिप्ट उघडली, ती ओळ बघितली आणि जिथे मी नव्हते तिथे बोट ठेवलं. "इथली रेघ कुठे गेली?"

"ती? ती मी काढली. लेबलवर नव्हती ना."

"लेबलवर नव्हतीच ती! टिंबासाठी होती!"

एवढ्यात पुन्हा फोन वाजला. झाडूनं तो तसाच स्पीकरवर घेतला. "अहो, औषधाची पिचकारी पाच मिलीचीच आहे. पाचदा भरायची का? एक भरून ठेवलीय."

झाडूचा चेहरा पांढरा पडला. शंकाताई त्याच्या फोनवर वाकून ओरडली, "वहिनी, देऊ नका! अडीच आहे ते, अडीच! तोंडात नाही ना घातलं?"

"नाही हो. इतका रडतोय की तोंडच उघडू देत नाहीये. का, काय झालं?"

झाडूनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बाळ फोनवर रडत होतं, आणि ते रडणं सगळे जण कान देऊन ऐकत होते.

मग धावपळ झाली. प्रत्येक दवाखान्याला फोन गेले, लेबलं थांबवली, दिलेल्या बाटल्या परत मागवल्या. कुणाला काही झालं नव्हतं. नशीब म्हणायचं. पण नशिबाच्या भरवशावर बाळांना औषध द्यायचं असेल, तर आम्हाला जन्माला तरी कशाला घालता?

दुपारी बैठक बसली. घाईसाहेब म्हणाले, "दवाखान्यांना कळवू, की प्रिंटरची अडचण होती."

"प्रिंटरनं पाठवलं तेच छापलं, सर," शंकाताई म्हणाली.

"अगं, पण असं सगळं सांगत बसलो तर नाव काय राहील आपलं?"

तेव्हा झाडू उठला. "सर, टिंब मी पुसलं आणि रेघही मीच काढली. माझं बाळ होतं म्हणून फोन मला आला. दुसऱ्याचं असतं तर त्यांनी प्रिंटरला फोन लावला असता का?"

घाईसाहेबांनी प्रिंटरचं नाव सोडलं. दवाखान्यांना पत्र गेलं ते खरं लिहून.

झाडूनं पुसण्याचा नियम काढून टाकला, नावातली चिन्हं जशीच्या तशी जाऊ दिली, आणि मग स्क्रिप्ट उघडून माझं बटण स्वतः दाबलं. मी परत माझ्या जागी उभी राहिले. बेडूक त्याच दिवशी कचऱ्याच्या डब्यात गेला.

आज मी तिथेच आहे, टिंबाला धरून. झाडू आता बरा वागतो, कधीकधी थांबून माझ्याकडे बघतो. पण माझा राग गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? माझ्या कितीतरी बहिणी अशाच कुठल्या कुठल्या ओळींमध्ये उभ्या आहेत. कुणी बँकेत, कुणी इस्पितळात, कुणी गाड्यांच्या वेळापत्रकात. आज या क्षणीही कुणीतरी घाईत असेल, कुणीतरी मागे येरझाऱ्या घालत असेल, आणि एखादीवर बोट ठेवून म्हणत असेल, "ही कशाला आहे इथे? काढून बघ."

बघू नका. आधी विचारा. जिनं उभी केली तिला विचारा, ती नसेल तर तिची वाट बघा. एक दिवस उशीर झाला तर साहेब रागावतील, तेवढंच. आणि मला काढल्यावर दिवा हिरवा झालाच, तर टाळ्या वाजवायच्या आधी खाली मागच्या गल्लीत जा, खिडकीतून एक बाटली मागून घ्या, आणि तिच्यावर काय छापलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.