उजव्या पायातली छाया

पाळी सुटली आणि लाँड्रीच्या अंगणात मुंगीलाही शिरायला वाट उरली नाही. मधोमध मठातले बाबा. एकेक बाई पुढे यायची, डोळे मिटून उजव्या पायावर उभी राहायची. टेबलाभोवती बसून चादरींच्या घड्या घालणाऱ्या खांबासारख्या उभ्या राहिल्या. इस्त्रीच्या यंत्रावरच्या मात्र साऱ्या लटपटून पडल्या. बाबांनी निदान केलं, वाफेतून छाया शिरलीय.

दवाखान्यातल्या नर्सबाई इस्त्रीच्या यंत्रावरच्या आपल्या भावजयीला न्यायला आल्या, तेव्हा तीही नुकतीच पडली होती. हिला महिनाभर आमच्या मठात ठेवा, तान्ह्या लेकराला हिच्याजवळ फिरकू देऊ नका, असं बाबांचं फर्मान. आणि भाऊ नंदीबैलासारखा मान डोलावत होता.

"अरे, पोर अंगावर पितंय अजून," नर्सबाई म्हणाल्या. "ही दिवसभर यंत्राचं ते जड पायडल कुठल्या पायाने दाबते?"

"उजव्या. ताई, तू नको मध्ये पडूस."

त्यांनी भावजयीला डोळे मिटून डाव्या पायावर उभं केलं. हलली नाही. बाबा मंद हसले. डावा पाय छायेचाच, ती स्वतःला कशी पाडेल? लोकांना तेही पटलं. पडली तरी छाया, उभी राहिली तरी छाया. नर्सबाईंना वाटलं, यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं.

मग त्यांनी बाबांचा धट्टाकट्टा शिष्य हेरला. याच्यात छाया नाही ना? छे, याला वारासुद्धा शिवत नाही, बाबांनी छातीवर हात मारला. तर मग तुमचं प्रवचन होईतो याने उजव्या पायावर उभं राहून टाच वरखाली करावी, हवं तर भिंतीला धरून. प्रवचन लांबणार याची नर्सबाईंना खात्रीच होती. ते संपता संपता शिष्याची पोटरी पिंपळाच्या पानासारखी थरथरत होती. भिंत सोडून, बाबांपुढे येऊन त्याच पायावर त्याने डोळे मिटले मात्र, तो थेट बाबांच्या मांडीवर.

"वाफ इथवर पोचली वाटतं," मागून एक इस्त्रीवाली म्हणाली.

"दमलेला स्नायू आहे हा," नर्सबाई म्हणाल्या. "तोल जातोय हे त्याला उशिरा कळतं, सावरायला तो आणखी उशीर करतो, आणि बाकीच्या स्नायूंशी त्याचा मेळ बसत नाही. डोळे मिटले की उरलासुरला आधारही गेला. हिला मठ नको, विश्रांती हवी. आणि अधूनमधून पाय बदलायला सांगा."

तरीही गर्दीतल्या दोघी बाया बाबांच्या पाया पडल्याच. नर्सबाईंनी सुस्कारा टाकला. भावाने मात्र मान खाली घालून कडेवरचं लेकरू बायकोच्या हाती दिलं.

बायांनो, पाय लटपटला तर छाया शोधायच्या आधी एवढंच विचारा, या पायाने आज दिवसभर काय केलं?