बिजल्याचा तिसरा भाग

कॅसेटवरच्या मेंढ्याला काळा चष्मा होता. आबाजीने तो अंगठ्याच्या नखाने खरवडून पाहिला — चित्रच ते, निघणार कुठून — आणि कुठल्यातरी लांबच्या मुलखात बसून मेंढ्याला चष्मा घालणाऱ्या माणसांचा त्याला नव्याने संताप आला. उद्या धोतर नेसवतील! काल एमआयडीसीतून येताना लेकाने, रविराजने, ही टीव्हीवर खेळायच्या गेमची पिवळी कॅसेट आणली होती. 'आबा, तुमच्या मेंढ्याचा तिसरा भाग आला बगा.' आणि सकाळपासून आबाजी टीव्हीसमोर बसून ती खेळत नव्हता. तिच्याशी भांडत होता.

पहिला भाग कसा होता... एक पांढरा मेंढा, या कड्यावरून त्या कड्यावर, बस्स. पण उडीआधी तो मागचे पाय पोटाखाली घ्यायचा. हे ज्याने काढलं त्याने कधीतरी मेंढरामागं ऊन खाल्लं असणार. आबाजीच्या कळपातला मेंढा, बिजल्या, असाच उडायचा. म्हणून तर आबाजीने कळंबच्या टपरीवर सांगून टाकलं होतं, की भिगवणला रोहित पक्ष्यांचे फोटो काढायला आलेल्या जपान्यांनी बिजल्याचाही फोटो नेला, त्याचाच हा गेम.

'मग तुमचा का न्हाय काडला?' दत्तोबाने चहा फुंकत विचारलं होतं.

'काडला की. पर मी टीव्हीत मावंना!'

दुसऱ्या भागात पाणी आलं, तेही बिजल्याने एका दमात ओलांडलं. आणि पडला तरी तीनदा जिवंत होऊन परत यायचा, हे तर आबाजीला फारच आवडलं. कारण कळप विकला तेव्हा बायकोला, सारजेला, त्याने सांगितलं होतं, की बिजल्याने डाळजला टेंपोतून उडी मारली आणि पळाला, आता पाण्याकडेला दुसऱ्याच्या कळपात हाय. सारजेनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेला मेंढा तो. काहीतरी सांगायलाच हवं होतं. आधी उडी एकच होती. गेम आल्यावर तीन झाल्या — तीनदा धरला, तीनदा निसटला.

आणि आता हे! दोन पायांवर चालतो. टक्कर मारायची सोडून गोळ्या झाडतो. रबरी चेंडूसारखा वर जातो, पाय न आवरता. मेंढरू बघितलंय का रे कधी, भाड्यांनो?

पण तेही एक वेळ सोसलं असतं... मघाशी पाणी प्यायला म्हणून त्याने रिमोट मांडीवर ठेवला, तर मेंढ्याने चष्मा काढला, वळला आणि त्याच्याकडे बघत उभा राहिला. नुसता उभा. आधीच्या दोन्ही भागांत तो बाजूनेच दिसायचा, एका डोळ्याचा. समोर तोंड करता येतच नव्हतं त्याला. कोणी सांगितलं होतं ह्यांना ही सुधारणा करायला? डाळजला टेंपोचा फाळका लावला तेव्हा बिजल्याने फाळक्यावर हनुवटी टेकली होती. ओरडला नाही, धडपडला नाही. टेंपो हलेपर्यंत दोन्ही डोळ्यांनी... आणि मी काय करत होतो? मी ड्रायव्हरकडे काडेपेटी मागत होतो. माझ्या खिशात काडेपेटी असताना.

त्याने बटण दाबलं. मेंढ्याने चष्मा चढवला, दोन गोळ्या झाडल्या. बोट थांबलं, मेंढा पुन्हा वळला.

सारजा गवार निवडत मागे कधी येऊन बसली, त्याला कळलं नव्हतं. शेंगा मोडण्याचा आवाज थांबला.

'अवो,' ती म्हणाली, 'असाच बघत व्हता व्हय? टेंपोतनं?'

आबाजीने वळून पाहिलं नाही. टेंपोत व्हताच कुठं त्यो, सारजे, त्यानं तर आधीच... सगळं तयार होतं, दहादा सांगून गुळगुळीत झालेलं. थाप जिभेच्या कडेपर्यंत आली, उभी राहिली. आणि मागचे पाय काही केल्या पोटाखाली घेईना.