यंत्र बंद असताना

साहेबरावने प्रबंध दोन वर्षं पत्र्याच्या पेटीत ठेवला होता. टाइप करून, बांधून, वर निळं कापडी कव्हर घालून. त्याचे मार्गदर्शक सांगून थकले, की बाबा रे, पदवीच्या कागदावर वरच्या ओळीत काय छापलंय ते कुणी बघत नाही. साहेबराव म्हणायचा, मी बघतो. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागल्याशिवाय तिथली डॉक्टरकी घ्यायची नाही, हे तो अठ्ठ्याहत्तर साली बोलून बसला होता. तेव्हा तो पंधरा वर्षांचा. नामांतराच्या ठरावावरून गंगापूरकडच्या त्यांच्या गावात वस्ती पेटवली गेली, आणि थोरला भाऊ कचरू त्याचा हात धरून उसातून रात्रभर चालत राहिला. बोललेला शब्द विसरायचा म्हटलं तर आधी तो ऊस विसरावा लागला असता.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, चौदा तारखेला, नाव लागलं. सतराला प्रबंध दाखल झाला. माणसाने इतकी वाट बघितल्यावर निदान पुढचं तरी सरळ व्हावं की नाही? पण सरळ होणं आमच्या लोकांच्या वाट्याला कधी आलंय!

प्रबंधाचा विषय होता कचरूच.

गाव सुटल्यावर कचरू औरंगाबादेत आला. तेव्हा शहराभोवती कारखाने उगवत होते आणि हातपाय धड असलेल्या माणसाला दारावरून परत पाठवत नव्हते. त्याला बॅटरीचे सेल बनवणाऱ्या कंपनीत काम लागलं. मँगनीजची काळी पावडर दळायची आणि चाळायची. अकरा वर्षं त्याने ती पावडर खाल्ली, प्यायली, अंगावर घेऊन घरी आणली, आणि त्या पगारावर धाकट्या भावाला मेडिकल कॉलेजपर्यंत पोचवलं. मग हळूहळू त्याचा चेहरा हलायचा थांबला. आवाज बसला. टाचा टेकेनात, चवड्यांवर तो कोंबड्यासारखा चालायला लागला. मागे सरकायला सांगितलं की पडायचा. एकटा कचरूच नव्हे, त्याच खात्यातली अकरा माणसं. सगळी एकाच वस्तीतली, एकमेकांच्या शब्दावर कामाला लागलेली.

कंपवाताच्या गोळ्यांचा त्यांना उपयोग झाला नाही. साहेबराव तोवर शरीरशास्त्र विभागात संशोधक झाला होता. परदेशातल्या मासिकांत तो वाचायचा, की मेंदूच्या हालचालीच्या भागाला बारीक वीज दिली तर आखडलेले स्नायू सैल होऊ शकतात. कवटी उघडण्याची सोय त्याच्याकडे नव्हती. त्याने एक पेटी बनवली, दोन ओल्या स्पंजांचा पट्टा बनवला आणि कवटीवरूनच अगदी हलका प्रवाह द्यायला सुरुवात केली. वस्तीने त्या पट्ट्याला नाव दिलं, साहेबरावची टोपी.

टोपीच्या आधी आणि टोपीच्या नंतर, व्हरांड्यात वीस पावलं चालायची. साहेबराव घड्याळ लावून मोजायचा. मग कागदावर आतून बाहेर गोल गोल रेघ काढायची. तिला ते जिलेबी म्हणायचे. कचरूला आधी वीस पावलांना चाळीस सेकंद लागायचे, नंतर सव्वीस. अकराच्या अकरा माणसं सुधारत होती. साहेबरावने लेख लिहिला, मासिकात छापून आला, वस्तीत पेढे वाटले गेले.

तो लेख कंपनीने वाचला, हे त्याला उशिरा कळलं.

अकरा जणांनी युनियनमार्फत कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज केला होता, की हा आजार कारखान्यातला आहे असं कागदावर मान्य करा. उत्तरात कंपनीने साहेबरावचाच लेख जोडला. पावडरीने मेंदूला झालेली इजा भरून येत नाही, असं शास्त्र सांगतं; ही माणसं तर डोक्याला पट्टा बांधून बरी होतात, सबब हा पावडरीचा आजार नव्हेच. अर्ज फेटाळला गेला. ज्या हातांनी त्याला शिकवलं, त्या हातांविरुद्धचा पुरावा त्याने स्वतःच सुबक टाइप करून दिला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

साहेबरावने मनाची समजूत घातली. शास्त्र खरं ठरलं तर कंपनीशी दुसऱ्या वाटेने भांडता येईल. आणि मग जुलैत परीक्षकांचं पत्र आलं. दूरच्या शहरातले म्हातारे प्राध्यापक. त्यांनी प्रबंधाची तारीफ केली होती आणि शेवटी एकच प्रश्न विचारला होता: यंत्र बंद ठेवून, रुग्णाला न कळवता, चाचणी घेतली होती का?

नव्हती घेतली. असं करतात हे त्याला माहीत होतं. इतरांच्या लेखांत त्याने शंभरदा वाचलं होतं. पण मेलेली टोपी डोक्यावर चढवून आपल्याच माणसांना ‘वीज चालू आहे’ म्हणायचं? यांना आजवर काय कमी जणांनी फसवलं होतं? त्याचं मन झालं नव्हतं. शास्त्राला मन नसतं, हे तो विद्यार्थ्यांना शिकवायचा.

दुसऱ्या दिवशी त्याने पेटीच्या आतली एक तार कापली. तांबडा दिवा तेवढा लागत होता. कचरूला बायको मनकर्णाबाई धरून घेऊन आली. आधीची वीस पावलं, एकेचाळीस सेकंद. मग मेलेली टोपी अर्धा तास. मग पुन्हा वीस पावलं.

सव्वीस सेकंद.

साहेबराव घड्याळाकडे बघत राहिला. मग त्याने पेटी उलटी केली आणि तुटलेली तार भावाला दाखवली.

“दादा, वीज नव्हतीच आज.”

कचरूचा चेहरा हलला नाही. तो आता कशानेच हलत नव्हता. बोलली मनकर्णाबाई.

“भावजी, राग मानू नका. म्याच सांगितलं समद्यांला. पहिल्या खेपंला अंग ढिलं सोडायचं, टोपीनंतर जीव एकवटून चालायचं. तुमचं नाव व्हायला पायजे व्हतं.”

“आणि तुम्हाला बरं वाटत होतं ते?”

“तुमच्याकडं बघून वाटायचं की.”

“वैनी, किती दिवस चाललं होतं हे?”

“पहिल्या दिसापासून,” कचरू पुटपुटला. त्याचं बोलणं ऐकायला आता तोंडाजवळ कान न्यावा लागे. “तू लई खुश झालता, साहेबू.”

साहेबरावला रडू आलं नाही, संताप आला. त्यांचा, स्वतःचा, त्या तांबड्या दिव्याचा. त्याने त्यांना फसवायचं नाही म्हणून चाचणी टाळली होती आणि त्यांनी त्याला दुखवायचं नाही म्हणून त्याला रोज फसवलं होतं. दोन्हीकडून नुसती माया; आणि त्या मायेचा लगदा करून कंपनीने आपल्या भिंतीला लावला होता.

आता करायचं काय? गप्प बसावं, तर ही माणसं बरी झालेली ठरतात. खरं सांगावं, की यांनी मुद्दाम हळू आणि मुद्दाम भरभर चालून दाखवलं, तर कंपनी टाळ्या वाजवील: बघा, ढोंगी आहेत, हे कबूलच झालं. मग आजारही ढोंग. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आठ दिवस तो विभागात बसून होता. नवव्या दिवशी त्याने तीन पत्रं लिहिली: विद्यापीठाला, मासिकाला आणि कामगार अधिकाऱ्यांना. तिन्हींत एकच मजकूर. वेळेचे आकडे मी माझ्या मनाने लिहिले. रुग्णांमध्ये कसलीही सुधारणा झालेली नव्हती. यात त्यांचा काही दोष नाही. प्रबंध आणि लेख मागे घेत आहे.

आयुष्यातलं पहिलं खोटं त्याने सहीशिक्क्यानिशी लिहिलं.

त्याचे मार्गदर्शक आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. कॅन्टीनमध्ये मात्र लोक पोटभर बोलले. नाव बदलून वर्षही नाही, आणि हे पहिलं फळ! जी जीभ सोळा वर्षं वळवळत होती, तिला त्याने आयतं खाद्य पुरवलं होतं. साहेबराव समोरच्या टेबलावर चहा पीत होता. त्यांना तो दिसत होता, म्हणूनच ते बोलत होते.

पण एक गोष्ट झाली. अर्ज पुन्हा उघडला गेला. अकरा जणांची नव्याने तपासणी करायला बाहेरून एक तज्ज्ञ डॉक्टर नेमला. सप्टेंबरात तारीख लागली. साहेबराव स्वतः वस्तीत गेला आणि घरोघर सांगून आला: काही करू नका. जसं होतं तसं होऊ द्या. पाय अडखळला तर अडखळू द्या. पडलात तरी लाज नाही. कचरूला त्याने तीनदा सांगितलं. कचरूने तीनदा मान हलवली.

तपासणीच्या दिवशी पहिला नंबर कचरूचा. मनकर्णाबाई त्याला धरून आत घेऊन गेली. साहेबरावला आत मनाई होती. तो दाराच्या काचेतून बघत होता. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे ऐकूही येत होतं. डॉक्टरने फाइल चाळली, आडनाव वाचलं आणि हसला.

“तो टोपीवाला तुमचाच भाऊ ना? आकडे बनवणारा? अहो, तुमच्या जिवावर खोटं लिहून डॉक्टर व्हायला निघाला होता तो. बरं, चला, इथून तिथपर्यंत चाला.”

कचरू उभा राहिला.

“भाऊ खोटा नाय,” तो म्हणाला. डॉक्टरला ऐकू गेलं नाही. मनकर्णाबाईने तोंडाला पदर लावला, त्यावरून तो काय बोलला ते साहेबरावला कळलं. “त्याच्या टोपीनं मी बरा झालोय. बघा तुम्ही.”

आणि कचरूने टाच टेकवली.

साहेबरावने काचेवर दोन्ही हात दाबले. पड, दादा. पड. एकदा तरी पड. कचरू चालत होता. मानेच्या शिरा फुगल्या होत्या, सदरा पाठीला चिकटला होता, आणि ज्या पायांनी त्याने पंधरा वर्षांच्या पोराला उसातून बाहेर काढलं होतं, ते पाय सोळा वर्षांनी पुन्हा त्याच पोरासाठी एकापुढे एक पडत होते. भिंतीपर्यंत. वळून परत.

डॉक्टरने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, फाइलमध्ये एक ओळ लिहिली आणि मोठ्याने वाचून दाखवली. चालण्यात दोष आढळला नाही. पुढचा.

बाहेर आल्यावर दारातच कचरूचे गुडघे गेले. साहेबरावने त्याला काखेत धरलं. अंग लाकडासारखं ताठ झालं होतं आणि घामाने निथळत होतं. बाकावरची दहा माणसं उठून उभी राहिली. कचरूने आपलं तोंड भावाच्या कानाजवळ आणलं.

“साहेबू, किती सेकंद झाले रं?”

“बावीस,” साहेबराव म्हणाला.