गाडीचा वाटा

दादाजी वाटे घालायला बसले की तलावाच्या पाळीवर कुणी मोठ्यानं बोलत नसे. चाळीस वर्षांत त्यांनी वाटलेल्या मासळीवरून एकदाही भांडण झालं नव्हतं. ज्या गावात शेजाऱ्याच्या कोंबड्यानं लवकर बांग दिली यावरूनही भांडण होतं, त्या गावात ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. कुणी अगदी सारखं वागलं तर लोक म्हणत, “दादाजीचा वाटा झाला हा.”

रीत अशी होती. जाळं ओढून झालं की मासे ताडपत्रीवर ओतायचे. ओढणारे बारा, म्हणून बारा ढीग. त्यावर एक ढीग जाळ्याचा आणि एक डोंग्याचा, म्हणजे छोट्या होडीचा. जाळं गुणवंतरावाचं, डोंगा दादाजींचा. जाळं फाटतं, डोंगा गळतो, त्यांनाही पोट आहे, असं जुनी माणसं सांगून गेली होती. चौदा ढीग लागले की दादाजी त्यांच्याकडे पाठ करून पाण्याकडे तोंड करत. मग ओढणाऱ्यांतली कांता एकेका ढिगाकडे बोट दाखवून विचारी, “हा कोनाचा?” दादाजी मागं न बघता एकेक नाव घेत. ज्याचं नाव आलं त्यानं ढीग उचलायचा. लहान वाटला तर नशिबाला बोल लावायचा, दादाजींना नाही.

असा हा माणूस एका सकाळी स्वतःच्या घरात हरला, आणि तेही सुनेकडून, चहाच्या वेळेला.

साधना ही त्यांची सून. मुलगा धनराज कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात होता, पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा. तीन वर्षांमागं साधनानं माहेरची थोडी आणि स्वतःची जास्त अशी पुंजी घालून एक छोटा टेम्पो घेतला आणि तो चालवायलाही स्वतःच शिकली. त्याआधी पाळीवर व्यापाऱ्याची गाडी यायची. काटा त्याचा, भाव त्याचा, आणि काट्यावर अंगठाही त्याचाच. टेम्पो आल्यापासून मासळी बर्फात घालून थेट गडचिरोलीच्या बाजारात जाऊ लागली. व्यापाऱ्याचा अंगठा गेला आणि गावातल्या दोन-तीन घरांवर नवे पत्रे आले.

त्या टेम्पोची वॉरंटी महिनाअखेर संपत होती. पुढची दोन वर्षं वाढवून घ्यायची असतील तर त्याआधी पैसे भरा, असा शोरूममधून तिसऱ्यांदा फोन आला होता.

“हे म्हंजे अजून न बिघडलेल्या गोष्टीचे पैसे झाले,” दादाजी बशीतला चहा फुंकत म्हणाले. “ताप नाई त गोळी काऊन खाची?”

“दिवाळीच्या मागं गिअर अडकला होता, आठवते नं मामाजी?” साधना सासऱ्यांना म्हणाली. “दोन तास जंगलात उभी होती मी. अर्धी मासळी गेली. पन कंपनीनं गिअरबॉक्स बदलून देला, एक पैसा नाई घेतला, कारन वॉरंटी होती. आता पुढच्या महिन्यात अडकला त?”

“मासळीच्या पेटीमागं भाडं घेते नं तू?”

“भाडं सारं डिझेलच पिऊन जाते.”

चुलीपाशी बसलेल्या इंदिराबाई नवऱ्याला म्हणाल्या, “तिच्यासंगं वाद नोका घालू. तुमचा दम नाई पुरत.”

दादाजींचा दम खरंच पुरला नाही. साधना कप विसळता विसळता, आवाज न चढवता बोलली, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. “जाळं गुणवंतभाऊचं, त्याले वाटा. डोंगा तुमचा, त्याले वाटा. गाडी माही, तिले भाडं. काऊन मामाजी? गाडीले पोट नाई का? पैसे नाई जमले त मी बिनावॉरंटीची गाडी त्या रस्त्यानं एकटी नाई नेत. इकून टाकतो. बोलवा मंग तुमच्या व्यापाऱ्याले.”

दादाजींच्या घशात चहा अडकला. खोकत खोकत त्यांनी बशी खाली ठेवली.

पोरगी खरं बोलत होती. दुसऱ्या कुणाच्या सुनेची गाडी असती तर तिचा वाटा दादाजींनी तीन वर्षांमागंच घातला असता. पण गाडी त्यांच्याच दारात उभी होती. त्यांच्या घरात त्यांचा एक वाटा, जाळं ओढणाऱ्या इंदिराबाईंचा दुसरा, डोंग्याचा तिसरा. त्यात गाडीचा चौथा घातला तर लोक काय म्हणतील हे त्यांना आत्ताच ऐकू येत होतं. वाटणाऱ्याचा हात स्वतःच्या ताटाकडं वळला, असं म्हणतील. चाळीस वर्षांचं नाव एका सकाळी ताडपत्रीवर सांडेल. दादाजींना मरळ मासा चावला तरी भीती वाटत नसे, पण या गोष्टीची वाटत होती.

“उद्या बाजार झाला की शोरूमले जाऊ,” ते म्हणाले. “कागद काय म्हनते ते पाहू दे मले.”

शोरूममध्ये काचेचं दार होतं, गारवा होता आणि नूतन नावाची एक हसरी मुलगी होती. तिनं दोघांना पाणी दिलं आणि कागद पुढं केला. दादाजींनी चष्मा लावला, कागद उलटा-सुलटा पाहिला, आणि सोयरीक ठरवायला आलेल्या मामासारखे प्रश्न विचारायला लागले.

“उंदरानं वायर कुरतडली त?”

“ते नाही येत काका.”

“बर्फाचं पानी गळून गळून पत्रा सडला त?”

“गंज नाही येत.”

“रस्त्यात रानडुक्कर आडवं आलं त?”

“ते इन्शुरन्समध्ये. वॉरंटीत नाही.”

“टायर? क्लच?”

“झिजणाऱ्या वस्तू नाही येत, काका.”

“मंग येते काय, बाई? फोटो?”

शेजारच्या टेबलावरचा माणूस हसला. साधनानं पदर तोंडावर धरला. नूतन मात्र अजिबात चिडली नाही. तिनं पेनानं एक ओळ दाखवली. “इंजिन येते. गिअरबॉक्स येते. हे दोन बसले की माणूस गाडी विकूनच मोकळा होते. बाकीचं लहान लहान असते, ते तुम्ही कराल.”

“म्हंजे पोट आन पाठीचा कना कंपनीचा, हातपाय आपले.”

“अगदी तसंच.”

“आन दोन वर्षांत काहीच नाई बिघडलं, त पैसे वापस?”

“नाही काका. ते ज्याची गाडी बिघडली त्याच्या कामी लागतात. हजार जण थोडे थोडे भरतात, म्हणून दहा जणांचं मोठं काम निघते. तुमचं निघालं त त्या नऊशे नव्वद लोकांचे पैसे तुमच्या कामी येतील.”

दादाजींनी चष्मा काढला. हे तर त्यांना पाठ होतं. ज्या दिवशी जाळं फाटत नाही त्या दिवशीही जाळ्याचा वाटा निघतोच. गुणवंतराव तो वापस करत नाही आणि कुणी मागतही नाही. म्हणजे गेली चाळीस वर्षं पाळीवर ते वाढीव वॉरंटीच वाटत होते, आणि काल सकाळी तिलाच ताप नसताना खायची गोळी म्हणाले होते. त्यांना स्वतःची चांगलीच लाज वाटली.

साधनानं तोवर पर्स उघडली होती. आत साठवलेल्या नोटा होत्या, पण त्या पुरणार नाहीत हे तिलाही ठाऊक होतं. “थोडे आज भरले त चालन का?” ती विचारणार तेवढ्यात दादाजींनी तिच्या हातावर हात ठेवला.

“थांब. महिना संपाले अजून अठरा दिवस हायेत.”

साधनाला तो नकारच वाटला. परतीच्या रस्त्यावर ती नजर समोर ठेवून गाडी चालवत राहिली. सागाची वाळलेली पानं गाडीखाली कुरकुरत होती, आणि दादाजी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात ढीग मोजत होते. तिला सांगून टाकावं असं त्यांना दोनदा वाटलं. पण सांगितलं आणि उद्या पाळीवर धीर झाला नाही तर? मग सुनेपुढंही तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. जाळं ओढून बाराही जण शेकोटीभोवती हात शेकत होते. मासळी भरपूर निघाली होती. रोहू, कतला, आणि चांगल्या हातभर लांब चार मरळी. पाळीखाली साधना टेम्पोचा मागचा फाळका खाली पाडून बर्फाच्या पेट्या सरकवत होती. काल संध्याकाळपासून ती सासऱ्याशी फक्त “हो” आणि “नाई” एवढंच बोलली होती.

दादाजी ताडपत्रीवर बसले. एक रोहू इकडं, एक तिकडं, लहान मासे मुठीनं. हात नेहमीपेक्षा हळू चालत होते. शेवटी ते उठले तेव्हा इंदिराबाईंची नजर ढिगांवरून फिरली. त्यांनी मनात मोजलं, पुन्हा मोजलं आणि उगाच खाकरल्या. ढीग पंधरा होते.

दादाजी पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. तलावावरून वाफ निघत होती.

“हा कोनाचा?” कांतानं सुरुवात केली.

“सुरजचा.”

“हा?”

“जाळ्याचा.”

“हा कोनाचा?”

“इंदिराबाईचा.”

नावं पुढं चालली. ढीग उचलले जात होते, टोपल्या भरत होत्या. तेरावं नाव झालं, चौदावं डोंग्याचं झालं. मग कांता थांबली.

“दादाजी, एक उरला. हा कोनाचा?”

दादाजींनी तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता, रात्रभर तो त्यांनी घोळवला होता. पण तो बाहेर निघेना. पाठ फिरवून उभं राहण्यातली सोय त्यांना चाळीस वर्षं माहीत होती, अडचण मात्र आज कळली. मागं लोकांचे चेहरे कसे झालेत हे दिसत नव्हतं. फक्त ऐकू येत होतं, आणि ऐकू काहीच येत नव्हतं. पाळीखाली पेट्यांचा आवाजही थांबला होता.

“पंधरा घातले का तुमी?” हा गुणवंतरावाचा आवाज. गावात सगळ्यात चिकट माणूस कोण असं विचारलं तर लहान पोरगंही त्याचंच घर दाखवील. “मी मघापासून मोजून राह्यलो. माह्या वाट्यात एक रोहू कमी काऊन आली, ते आत्ता समजलं.”

दादाजींनी डोळे मिटून घेतले. झालं, त्यांना वाटलं. सांडलं.

“गाडीचा म्हना नं,” गुणवंतराव म्हणाला. “काऊन अडून राह्यले?”

दादाजी वळणारच होते, पण वाटे संपेपर्यंत वळायचं नाही ही त्यांचीच रीत होती.

“मले वाटलं, तुमी म्हनसान का माह्या घरात चौथा वाटा…” दादाजी पाण्याकडं बघतच म्हणाले.

“तुमच्या घरात कुठी चालला? गाडीत चालला,” गुणवंतराव म्हणाला. “गाडी बंद पडली त माही रोहू का पायानं चालत जाईन गडचिरोलीले? दिवाळीच्या मागं माही अर्धी टोपली सडली, तवापासून मी वाट पाहून राह्यलो का तुमी कवा वाटा घालता. म्हटलं, जाळं माहं हाय, माह्या तोंडून बरं नाई दिसत.”

“आमालेबी वाटेच,” कांता म्हणाली. “पन तुमची सून, तुमची गाडी. तुमी लाजसान म्हनून नाई बोललो.”

म्हणजे तीन वर्षं अख्खं गाव दादाजींच्या तोंडाकडं बघत होतं आणि दादाजी गावाच्या. या गोष्टीवर नंतर कित्येक दिवस लोक हसले.

“मंग बोला,” गुणवंतराव म्हणाला, “रीतीनं नाव घ्या. कांते, इचार त्याइले परत.”

“हा कोनाचा?”

“गाडीचा,” दादाजी म्हणाले. पाण्यावरच्या बगळ्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले.

त्यावर लगेच गलका झाला. गाडीला वाटा मिळाला म्हणजे गाडीबद्दल बोलायचा हक्कही बाराही जणांना मिळाला होता. महिना संपेपर्यंत या वाट्याचे पैसे वॉरंटीच्या कागदाला लावायचे, कमी पडले तर महिन्यातल्या शेवटच्या दोन ओढींतून भरून काढायचे, आणि त्यानंतरचा वाटा टायर-क्लचला, असं गुणवंतरावानंच ठरवून टाकलं. सुरजला वायपर वॉरंटीत येतो का ते हवं होतं. कुणी म्हणालं, कंपनी सीट बदलून देते का विचारा, आपल्याला बसताना टोचते. इंदिराबाई म्हणाल्या, आधी उंदरासाठी मांजर आना, ते वॉरंटीत नाई. कालपर्यंत ज्या कागदाची काळजी साधना एकटी वाहत होती, त्याच्यावर आता बारा तोंडं एकदम बोलत होती.

साधना वर आली. तिनं गाडीचा ढीग स्वतःच्या हातांनी टोपलीत भरला. तिच्या बांगड्यांचा आवाज दादाजींना पाठीमागं अगदी जवळ ऐकू आला.

“मामाजी,” ती म्हणाली, “चौथी मरळ गाडीच्या वाट्यात आली.”

“मोठी होती. कोठंतरी घालाच लागते.”

“डोंग्याच्या वाट्यात नाई आली?”

“डोंगा म्हातारा झाला. त्याले मोठी मरळ नाई पचत.”

ती हसली. कालपासून पहिल्यांदाच हसली, आणि दादाजींना थंडी कमी झाल्यासारखं वाटलं.

“वाटे झाले, दादाजी,” कांतानं हाक मारली. “आता फिरा इकडं.”

दादाजी तरी पाण्याकडंच बघत उभे राहिले. दोन्ही हातांना माशांचे खवले चिकटले होते आणि डोळे पुसायची काही सोय नव्हती.