खरकटं ताट

मला त्या दिवसाची किळस येते, आणि त्या दिवसापेक्षा जास्त माझी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी स्वतःची बाजू सावरायला लागले तर तुम्हाला लगेच कळेल.

मी नववीला भाषा शिकवते. त्या वर्षी आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आल्या आणि येताना एक खूळ घेऊन आल्या. ‘किशोरसाहित्यातून सामाजिक स्तरांची जाणीव.’ एवढं सगळं त्या एका दमात म्हणायच्या, कडू औषध गिळल्यासारखं. मग एका कादंबरीच्या चाळीस कोऱ्या प्रती आल्या आणि ती शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी तेव्हा दोन वर्षं तात्पुरत्या जागेवर होते. गळ्यात पडेल ते हार म्हणून मिरवायचं, एवढं मला समजत होतं.

कादंबरी बेताची होती. एका मुलीची आई हॉटेलातल्या खोल्या साफ करते. मुलगी मैत्रिणींपासून आईला लपवते. शेवटी सगळं उघडं पडतं, मैत्रिणी आईला मिठी मारतात, आई रडते, मुलगी रडते, पुस्तक संपतं. दुसऱ्या दिवशी त्या खोल्या कोण साफ करतं, ते लेखिकेने कुठेच लिहिलेलं नाही.

आमच्या वर्गातली बहुतेक मुलं गाडीतून उतरून थेट बाकावर बसणारी. एक होता, त्याला सगळे ‘वकील’ म्हणत, कारण त्याला प्रत्येक गोष्टीत मुद्दा सापडायचा. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, “पण बाई, तिच्या आईने नीट अभ्यास केला असता तर ही वेळ आली असती का?” वर्ग हसला. मीही हसले. राग नंतर आला, घरी भाजी चिरताना, आणि तेव्हा त्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता.

वर्गात जे बोलता येत नाही ते लिहा, म्हणून मी सगळ्यांना एकेक वाचनवही दिली. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर मी माझ्या हाताने लिहिलं, ‘इथे लिहिलेलं तुझ्या-माझ्यातच राहील.’ अडतीस वेळा लिहिलं. हात भरून आला तेव्हा मला आपण केवढ्या थोर आहोत असं वाटलं होतं.

बहुतेकांनी दोन ओळींत बोळवण केली. ‘पहिली’ने दीड पान लिहिलं.

पहिली म्हणजे खिडकीजवळच्या बाकावरची मुलगी. शाळेत कुणीही कितीही लवकर आलं तरी ती आधीच आलेली असायची, म्हणून मुलांनी तिला हे नाव ठेवलेलं. ती एवढ्या लवकर का येते, हे कुणी कधी विचारलं नाही. मला आणि कार्यालयातल्या कारकुनाला माहीत होतं. तिची आई आमच्या शाळेच्या भांडीघरात कामाला होती. दोघी पहाटे बरोबर निघायच्या, पण शाळा दिसायला लागली की आई मागच्या दाराने जायची आणि मुलगी पुढच्या. आईला सगळी शाळा ‘मावशी’ म्हणायची. भांडीघरात तीन मावश्या होत्या आणि तिघींपैकी एकीचंही नाव मला ठाऊक नव्हतं. नात्याने हाक मारली की नाव विचारायची गरज उरत नाही.

पहिलीने लिहिलं होतं:

‘पुस्तकातल्या मुलीला आईची लाज वाटते. मला आईची लाज वाटत नाही. मला दुसऱ्याच गोष्टीची वाटते. जेवणाच्या सुट्टीत सगळे आपली खरकटी ताटं टेबलावर टाकून जातात. मीपण टाकून जाते. मी उचललं तर सगळे विचारतील, तू का उचलतेस? आई म्हणते, सगळ्यांसारखं ठेवून जात जा, मी काय तुझं ताट ओळखत नाही का? ती ओळखते. मी भाताची शितं एका कडेला सारून ठेवते, म्हणजे तिला घासायला सोपं जावं. तेवढंच मला करता येतं. पुस्तकातल्या मुलीला हे माहीत नाही.’

मी ते तीनदा वाचलं. माझ्या मनात पहिलं काय आलं? ‘काय लिहिलंय पोरीने!’ असं आलं. तिचं काय होत असेल, हे नंतर आलं. आणि ‘हे माझ्या शिकवण्याचं फळ’ हे या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी येऊन बसलं. कुणीतरी ते मोठ्याने म्हणावं म्हणून माझा जीव खाली-वर व्हायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती वही मोठ्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली.

त्यांनी वाचली, चष्मा काढला, डोळ्यांच्या कडा टिपल्या. म्हणाल्या, “अगदी हेच हवं होतं आपल्याला!”

‘आपल्याला’ हवं होतं ते पुढच्या गुरुवारच्या आदर्श पाठासाठी. इतर शाळांतले आठ पाहुणे पाठ बघायला येणार होते. बाईंनी बसल्या जागी बेत आखला. पाठ संपत आला की भांडीघरातल्या मावशींना वर्गात बोलवायचं, सत्कार करायचा, आणि मग मी सांगायचं की यांची लेक याच वर्गात आहे. पुस्तकातला शेवट वर्गात घडेल.

“मुलीला विचारायला हवं,” मी म्हणाले.

“विचारलं तर ती नाही म्हणेल,” मोठ्या बाई म्हणाल्या, आणि त्याच सुरात पुढे, “हो, तुमचं कायम करण्याचं पत्र आलंय बरं का सहीला. या आठवड्यात बसतेच घेऊन.”

धमकी वगैरे काही नव्हती ती. धमकी द्यायला समोरच्याचा विरोध तरी लागतो. माझा विरोध चहाच्या पहिल्या घोटाबरोबर खाली उतरला होता.

पाठाच्या दोन तालमी झाल्या. कुणी कुठल्या प्रश्नाला हात वर करायचा, कुठे थांबायचं, कुठे पुस्तक मिटून शांत बसायचं, सगळं ठरलं. शेवटी एक मावशी येतील, कष्टकऱ्यांच्या वतीने, एवढंच वर्गाला सांगितलं होतं. मोठ्या बाईंनी मुलांना बजावलं, “त्यांच्याशी अहो-जाहोने बोलायचं हं. ‘ए मावशी, हे उचल’ असलं काही नको.”

वकिलाने विचारलं, “फक्त गुरुवारीच की नेहमी?”

“हुशार आहेस,” म्हणत बाई हसल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. त्या पोराने आयुष्यात एकदा खरा मुद्दा काढला आणि तो असा वाया गेला. तेवढ्यात पहिलीने माझ्याकडे बघितलं. मी पुस्तकात बघितलं. ती परत सरळ बसली. वहीच्या पहिल्या पानावरच्या ओळीवर तिचा भरवसा होता.

गुरुवारी मावशी घडीचे कपडे घालून आल्या. जांभळे, नवेकोरे, इस्त्रीची रेघ अजून मोडली नव्हती. सत्कार आहे, घरी बोलू नका, गंमत आहे, एवढंच त्यांना सांगितलेलं. मोठ्या बाईंनी त्यांना वर्गाबाहेर बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“अहो मावशी, हे काय? एप्रन कुठाय तुमचा? आणि ते रबरी हातमोजे? पाहुण्यांना खरं वाटायला हवं ना!” मग माझ्याकडे वळून, “जरा आणता का?”

मी गेले आणि आणलं. एप्रन ओला होता, त्याला कालच्या खरकट्याचा वास होता. त्या नव्या जांभळ्या कपड्यांवर मी तो चढवला आणि पाठीमागची गाठ मीच मारली. गाठ मारता मारता सांगून टाकलं, समोर बघून सांगायची हिंमत नव्हती म्हणून. “मावशी, तुमच्या मुलीने तुमच्यावर फार सुंदर लिहिलंय. आज वर्गात तिचं नाव घेणार आहोत.”

त्या गर्रकन वळल्या. “ती हो म्हणाली?”

“हो,” मी म्हणाले.

त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. “मीच तिला म्हणते हो, शाळेत मला ओळख दाखवू नकोस. ती ऐकते बिचारी. पण आज हो म्हणाली म्हणता?”

“हो,” मी परत म्हणाले. एकदा खोटं बोलून झालं की दुसऱ्यांदा जीभ अडत नाही.

पाठ झकास झाला. मुलं पढवलेलं घडाघडा बोलली. ‘समाजाची दृष्टी बदलायला हवी.’ ‘कुठलंही काम हलकं नसतं.’ जिच्या घरी कपाटाची दारंही दुसरं कुणी उघडून देत असेल, अशी एक मुलगी श्रमाच्या प्रतिष्ठेवर बोलली आणि मागच्या रांगेतल्या एका पाहुणीने रुमाल काढला. मी शिकवत राहिले. आवाजात योग्य तिथे कंपही आणला.

मग मावशी आत आल्या. हातमोजे घातलेले हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. वर्ग तालमीप्रमाणे उभा राहिला. “नमस्कार मावशी, तुम्ही आलात, आम्हाला आनंद झाला.” एका सुरात.

मोठ्या बाईंनी मला खूण केली. पहिलीची वही माझ्या हातात होती. मी म्हणाले, “या मावशी आपल्याच वर्गातल्या एका मुलीच्या आई आहेत,” आणि पहिलीकडे हात केला.

पहिलीने आईकडे बघितलं नाही. तिने माझ्या हातातल्या वहीकडे बघितलं. तोंडावरचा सगळा रंग उतरला. दोन्ही हातांनी तिने बाक घट्ट धरला.

मावशी मुलीकडे बघत होत्या. त्यांना क्षणात सगळं कळलं. कुणी विचारलं नव्हतं, कुणी हो म्हटलं नव्हतं, हे त्यांनी त्या चेहऱ्यावर वाचलं. चेहऱ्यावर आलेलं हसू त्यांनी तसंच ठेवलं, फक्त ते वळवून पाहुण्यांकडे नेलं.

“नाही हो,” त्या म्हणाल्या. “बाईंची काहीतरी गडबड झालीय. माझी पोरगी मोठी आहे, लांब असते ती कामाला. ही कुणाची आहे मला नाही माहीत.” जरा थांबून त्या म्हणाल्या, “गुणी दिसते. कुणाची असेल त्या आईचं नशीब म्हणायचं.”

मोठ्या बाई घाईघाईने हसल्या. “मावशी घाबरल्यात जरा.”

“घाबरायचं काय त्यात? चूक झालीय बाईंची.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “झालीय ना हो बाई?”

“हो,” मी म्हणाले. “चूक झाली.” त्या दिवसभरात मी बोललेलं तेवढंच खरं होतं.

पाहुण्यांनी तरीही टाळ्या वाजवल्या. टाळ्या ठरलेल्या होत्या, त्या कुठेतरी वाजायलाच हव्या होत्या. मावशींच्या रबरी हातात फुलांचा गुच्छ दिला, फोटो काढला, आणि दारापर्यंत पोचवायला कुणी उठलं नाही.

तासाभराने जेवणाची सुट्टी झाली. जेवणघरात नेहमीचाच गोंधळ. जेवणं उरकली, मुलं ताटं टाकून उठायला लागली. पहिली उठली आणि तिने आपलं ताट उचललं.

“अगं ठेव ना,” वकील म्हणाला, “मावशी नेईल.” अहो-जाहो जेमतेम तासभर टिकलं होतं.

ती टेबलांच्या मधून सरळ चालत भांडीघराच्या खिडकीशी गेली. ताट आत धरलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “आई, हे घे.”

खिडकीतून ओला हात आला आणि ताट हिसकावून घेतलं. “ठेव म्हणून सांगितलं होतं ना तिथेच!” मावशींचा आवाज चिडलेला, चिरका होता. मग नळ भसकन सोडल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ बंद झाला नाही.

इथे कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी मिठी मारायला धावलं नाही. पहिलीच्या शेजारी बसणाऱ्या दोघीजणी एकमेकींकडे बघून दुसऱ्या दाराने बाहेर गेल्या. वकिलाने आपल्या ताटाकडे बघितलं, मग खिडकीकडे, आणि ताट तिथेच ठेवून तोही गेला. शिक्षकांच्या टेबलावर माझंही ताट होतं. दोन वर्षं मी ते तसंच टाकून उठत आले होते. मी ते उचललं, चार पावलं टाकली, खिडकीपाशी जायचं धैर्य झालं नाही, आणि परत आणून टेबलावर ठेवलं. मला माझी शिसारी आली ती तेव्हा, आणि ती अजून गेलेली नाही.

मी पहिलीची माफी मागितली नाही. मागितली असती तर तिला ‘असू दे बाई’ म्हणावं लागलं असतं, ते ओझं तिच्यावर कशाला, असं मी स्वतःला समजावलं. ही पळवाट आहे हे मला कळतं.

सोमवारी माझं कायम झाल्याचं पत्र आलं. त्याच आठवड्यात मुलांनी शेवटचा स्वाध्याय लिहून दिला, ‘या कादंबरीतून मी काय शिकलो?’ पहिलीची वही मी सगळ्यात शेवटी उघडली. अक्षर नेहमीपेक्षा सुबक होतं. एकही खाडाखोड नव्हती.

‘या कादंबरीतून मला समाजातील विविध स्तरांची जाणीव झाली. कोणतेही काम हलके नसते. समाजाची दृष्टी बदलायला हवी. सर्वांनी सर्वांचा आदर करावा.’

सगळी वाक्यं माझ्याच पाठातली होती, त्याच क्रमाने. चूक काढायला जागा नव्हती. मी दहापैकी दहा दिले आणि सही करायला पान खाली सरकवलं, तर तळाशी पेन्सिलीने आणखी एक ओळ होती.

‘बाई, हे कुणालाही दाखवलंत तरी चालेल.’